मेजावरल्या राजधानीची व भेगाळ पुलाची हकीकत

श्रीगजाननाचे पायीं मस्तक आणि सरस्वतीचे पायीं लेखणी ठेवून, ऐकिलें तितकें लिहिलें असे. शके अठराशें अकरा, विरोधी नाम संवत्सरीं, चैत्रमासीं महाराजांस विलायतेहून चावीची आगगाडी नजराणा आली. महाराज संतोष पावले, आणि दिवाणखान्यांत थोरलें मेज मांडवून त्यावर गाडी फिरविली, आणि मग खिन्न होऊन बोलिले, "गाडी धांवते, परंतु जाते कोठें? हिला गांव पाहिजे." महाराज अकरा वर्षें वाड्याबाहेर पडले नव्हते, कारण बाहेर पाहण्याजोगें कांहीं नाहीं असें कारभारी अंतोबा यांनीं सांगितलें होतें. सबब हुकूम जाहला कीं आमची राजधानी जशीच्या तशी मेजावर उठवावी. कामगिरी सुभानजी जिनगर याजकडे आली. हा गौरीचे मुखवटे करणारा, माणूस भिडस्त, परंतु नजर अशी कीं शेजाऱ्याच्या म्हशीचें कोणतें शिंग मोडकें तें झोपेंतही सांगावें. त्यानें दोरी घेऊन गल्लीगल्ली मोजिली, आणि वाळल्या घोसाळ्याच्या जाळीचीं झाडें केलीं, भुसा रंगवून कुरण केलें, आरशाची नदी केली, आणि गांवच्या माणसांबरहुकूम शाडूचीं बोटभर उंच माणसें केलीं तीं तीनशें. तेव्हां न्हावी भांडावयास आला कीं माझ्या दुकानीं गिऱ्हाईक कां नाहीं, राजधानींत माझी अब्रू काय राहिली? मग सुभानजीनें अर्धें डोकें भादरलेलें एक गिऱ्हाईक बसवून त्याचें समाधान केलें.

ऐसें चालतां नदीवरला पूल मोजावयास गेला, तों मधल्या खांबास भेग दिसली, आणि तींत हात घातला तो कोपरापर्यंत गेला. सुभानजीनें मोजणीची दोरी तेथेंच टाकिली. कारण त्याची लेक तुळसा पैलतीरीं दिली होती, ती आश्विनांत पहिल्या बाळंतपणास माहेरीं यावयाची होती, आणि बैलगाडीस वाट ती एकच. त्यानें अंतोबांकडे तीन वेळां अर्ज केला. अंतोबा बोलिले, "पूल सरकारी आहे. त्यास पडण्याची परवानगी नाहीं." मग सुभानजीनें युक्ति केली कीं मेजावरल्या पुलासही तैसीच भेग पाडिली, आणि वेशीबाहेरला उकिरडाही सोडिला नाहीं. महाराजांनीं भिंग लावून पाहिलें आणि कोपून बोलिले, "अंतोबा, आमच्या राज्यांत उकिरडा? आमच्या पुलास भेग? आजच्या आज दुरुस्त करा!" अंतोबांनीं "आज्ञा" म्हणून मोरपिसानें मेजावरला उकिरडा झाडिला, आणि गव्हाची खळ आणवून मेजावरली भेग बुजविली, आणि काम तमाम जाहलें असें कळविलें. महाराजांनीं त्यांस शालजोडी दिली. दुसरे दिवशीं सुभानजीनें भेग पुन्हां कोरिली, अंतोबांनीं पुन्हां बुजविली, आणि ऐसे सात दिवस गेले, तों खांबांत खांब कांहीं उरला नाहीं, अवघी खळच. आठवे दिवशीं आगगाडी मेजावरल्या पुलावर येतांच खांब बसला, गाडी आरशावर पडली, आणि शाडूचीं सतरा माणसें गेलीं.

महाराज ढळढळां रडले, आणि तीन दिवस सुतक फर्माविलें, बाजार बंद जाहला. गेलेल्यांत हणमा तेली होता, तो शिपायांस दुकानीं जिवंत सांपडला, म्हणून त्यास आडवें करून वर चादर घातली. बायको म्हणे, "अहो, उठा, आमटी निवते." तो म्हणे, "सरकारी हुकूम आहे. परवां उठतों, झांकून ठेव."

इतक्यांत पैलतीराहून निरोप आला कीं तुळसेची गाडी उदईक निघते. सुभानजीची बायको ठकूबाई बोलिली, "सहा महिने मातीचीं माणसें जपलींत. पोटचीला कोण जपणार?" हें ऐकून सुभानजी उठला तो थेट दिवाणखान्यांत गेला, आणि पागोटें महाराजांचे पायांशीं ठेवून बोलिला, "सरकार, हीं सतरा माणसें मी पुन्हां करीन. पण उद्यां माझी लेक पुलावरून येते. ती फुटली तर मला पुन्हां करतां येणार नाहीं."

महाराज बोलिले, "कोणत्या पुलावरून? पूल तर पडला."

"बाहेरच्या, सरकार."

महाराजांनीं हातचें भिंग खालीं ठेविलें. मग हळूच म्हणाले, "बाहेरही एक आहे?"

अंतोबांनीं खालीं पाहिलें. तत्क्षणीं पालखी निघाली. वेशीपाशीं महाराज मान डोलवून बोलिले, "नक्कल बरी साधली आहे, परंतु उकिरडा उगाच वाढविला." पुढें पुलाखालीं उतरून भेगेंत हात घातला, तों आंतल्या खेंकड्यानें करंगळी धरली. महाराजांनीं ऐसी आरोळी ठोकिली कीं भोई पळाले. मेजावरलें आजवर कांहीं चावलें नव्हतें. महाराजांची खात्री जाहली कीं हें खरें आहे, आणि बोट चोखीत हुकूम दिला, "पूल बंद! मुलीस आमची नाव धाडा!"

दुसरे दिवशीं तुळसा नावेंतून आली. सुभानजी गुडघाभर पाण्यांत उभा होता, त्यानें तिला हात देऊन उतरविलें, आणि कांठावर आल्यावरही तिचा हात सोडीना. ती म्हणाली, "बाबा, हात सोडा आतां. मला कांहीं झालं नाहीं." त्याच दुपारीं मधला खांब खालीं बसला आणि पूल नदींत गेला. वर एक बकरी होती, ती पोहून आली. चौथे दिवशीं तुळसेस कन्या जाहली. नवा पूल बांधण्यावर देखरेखीस सुभानजीस नेमिलें, आणि अंतोबांस मेजावरल्या राजधानीचें कारभारीपण दिलें, ती त्यांनीं फार स्वच्छ ठेविली.

एकूण हकीकत इतकीच. पूल एक पडला, मातीचीं माणसें सतरा गेलीं, हाडामांसाचें एकही गेलें नाहीं, उलट एक वाढलें. ऐकणारांचे पूल शाबूत राहोत.