उपाशी विद्यार्थी आणि घडीच्या खुर्च्या

यंदा, म्हणजे १९८८ साली, अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या आमच्या मराठी मंडळापुढे पाडव्याच्या जेवणाला एक गंभीर सामाजिक प्रश्न उभा राहिला. विद्यार्थी जेवायला आले. विद्यापीठाला सुट्टी, मेस बंद, दोन दिवस नुसत्या ब्रेडवर काढलेले. लेक्चरला बोलावलेली सुलेखाही त्यांच्यातलीच. आयर्लंडची लोकसंख्या आणि दारिद्र्य यावर ती पीएच.डी. करते. आता मला सांगा, नागपूरहून एवढ्या लांब येऊन कुणी परक्यांचं दारिद्र्य शिकतं का? पण पाडव्याला काहीतरी बौद्धिक हवं, असं अध्यक्ष प्रल्हादरावांचं मत पडलं.

"आज यांना वाढलं की पुढच्या वर्षी चौपट येतील," मृणालिनीकाकू म्हणाल्या.

भूक खरी की आयतं खायची सवय, हे तपासणं भाग होतं. चिटणीस या नात्याने मी ठराव मांडला, आधी काम, मग पान. पोरांनी हॉलभर खुर्च्या मांडल्या. काम भराभर झालं, म्हणजे अंगात बरीच ताकद शिल्लक होती. सबब खुर्च्या घडी करून पुन्हा मांडायला लावल्या.

सुलेखा बोलली मात्र छान. दीडशे वर्षांपूर्वी आयर्लंडात बटाट्याचं पीक सडलं, माणसं मरायला लागली, तेव्हा इंग्रज साहेब म्हणाला, फुकट खायला घातलं तर हे आळशी होतील आणि वाढतील. उपाशी लोकांकडून कुठेच न जाणारे रस्ते बांधून घेतले. धान्याची जहाजं मात्र देशाबाहेर जातच राहिली.

"काय नीच माणसं," प्रल्हादराव म्हणाले. काकूंनी डोळे पुसले. मग आम्ही जेवायला बसलो. वाढायला विद्यार्थी होतेच.

उरलेली श्रीखंड-पुरी ट्रेमध्ये भरून कमिटीच्या गाड्यांत ठेवत होतो, तेवढ्यात सुलेखा पार्किंगमध्ये आली.

"काका, आम्ही अजून जेवलो नाही."

"अगं, खुर्च्या कुठे आवरून झाल्यात?"

"मघाशी मी ज्यांच्याबद्दल बोलले ना, ते अगदी हेच म्हणायचे."

"छे, ते इंग्रज होते," मी समजावलं. "तुम्ही तर आमचीच मुलं."

ती आत खुर्च्या आवरायला गेली. पोरगी समजूतदार आहे.

वाचकहो, तुम्हालाही तिची दया आली असेल. अशा संवेदनशील माणसांसाठी आम्ही एक ट्रे बाजूला ठेवलाय, जाताना घेऊन जा. तुम्ही काही उपाशी नाही, तेव्हा तुम्हाला द्यायला मंडळाची हरकत नाही.