सुभेदारांचा जोडीदार

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यात सुभेदार दगाजींना रामराम घातला, तर ते उलट रामराम घालत नाहीत. आधी विचारतात, "हात धुतले?"

फौजेतून रिटायर झालेला माणूस शेजारी राहायला आला, तेव्हा मला वाटलं, आता लढाईच्या गोष्टी ऐकायला मिळतील. कसलं काय! यांची सगळी लढाई जंतांशी.

"भिकनआप्पा, समोरच्या दुश्मनाला गोळी घालता येते. पोटातला दिसत नाही." की झालं सुरू. डोंगरावरची चौकी, ओढ्याचं पाणी, सगळ्यांत मिळून एकच संडास. जवान दिसायला पहिलवान, पण चढावर धापा टाकतो, तोंड पांढरंफटक. "छाती वाघाची अन् पोटात जंतांची छावणी! आमच्या तुकडीत बिनजंताचा जवान शोधावा लागायचा."

हे सगळं ते आम्ही जेवायला बसलो की सांगतात.

म्हणून त्यांच्या चौकीवर गोळीची परेड असायची. जोडीजोडीनं उभं राहायचं, गोळी चावायची, मग जोडीदारानं तोंडात डोकावून ओरडायचं, "साफ!" कारण जवान मरणाला भीत नाही, पण गोळी जिभेखाली दडवून थुंकतो.

हीच परेड त्यांनी आमच्या गल्लीत लावली. दवाखान्यातली नर्सबेन गोळ्या घेऊन आली, की लूमवाले, साडीला टिकल्या लावणाऱ्या बाया, सगळे रांगेत. नवरा बायकोच्या तोंडात बघणार, सून सासूच्या. सुनेनं सासूला 'तोंड उघडा' म्हणायचा तेवढाच दिवस.

मी मात्र अडलो. "जन्मभर लूम चालवला, लोखंड पचवलं. मना पोटमा काहीच नही!"

"प्रत्येक जवान हेच म्हणायचा. आप्पा, एकट्या तुमच्यापायी गल्ली अडलीय."

"मला दात नाहीत."

"पाण्यात विरघळवून देतो."

"काका, चालो ने, जल्दी करो," नर्सबेन कंटाळली.

"अहो, घ्या ना," आमची ही मागून म्हणाली.

पण मी हरणारा माणूस नाही. म्हटलं, "सुभेदार, आधी तुमचं सांगा. तुमच्या तोंडात कोण बघतं?"

रांग हसली. सुभेदार नाही हसले.

"बायको होती तोवर ती बघायची," ते म्हणाले. "आता आरशात बघतो. मीच 'साफ' म्हणतो."

मी सरळ रांगेत घुसून त्यांच्यासमोर उभा राहिलो. "नर्सबेन, दोन गोळ्या द्या. आजपासून सुभेदारांचा जोडीदार मी."

विरघळवलेली गोळी घटाघटा प्यालो आणि जबडा पसरला. सुभेदारांनी वाकून पाहिलं. मग असे ओरडले, की गल्लीतली कबुतरं उडाली. "साफ!" लोकांनी टाळ्या पिटल्या. गल्ली फत्ते!

मग त्यांनी गोळी चावली, तोंड उघडलं. मी चष्मा लावला, निवांत पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"गोळी कडू आहे," ते पुटपुटले.

मी नुकतीच प्यालो होतो. चांगली गोडूस होती. पण म्हटलं, जाऊ द्या. छाती भरून घेतली आणि पार पलीकडच्या उधन्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो, "साफ!"