अठ्ठ्याण्णव टक्के

कॉम्प्युटरवर ‘डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली आहे’ अशी सूचना आली की बाबांना आतून बरं वाटायचं. पण तीस वर्षं नकाशे काढण्यात गेलेला माणूस. चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचे नाहीत. “पुन्हा भरलं,” ते आईला वैतागून सांगायचे, “आता तिला फोन करावाच लागणार.”

ती म्हणजे लेक. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी दूर गेली, तेव्हा आपला जुना कॉम्प्युटर बाबांना लावून देऊन गेली. हे मशीन इंटरनेटवरून प्रोग्रॅमची पॅकेजं उतरवून घ्यायचं, बसवायचं आणि उतरवलेली प्रत एका कप्प्यात जपून ठेवायचं. लागलंच तर असावं, म्हणून. तीन आठवड्यांत कप्पा तुडुंब. मग रविवारी सकाळी लेक फोनवरून तो रिकामा करण्याचा एका ओळीचा आदेश सांगायची आणि बाबा एकेक अक्षर विचारत टाइप करायचे. काम दोन मिनिटांचं, फोन पंचावन्न मिनिटांचा. मधल्या वेळात तिचा खोकला, तिने अजून न लावलेले पडदे, असं सगळं निघायचं. आदेश बाबांना केव्हाच पाठ झाला होता.

एकदा वरच्या मजल्यावरचा शेजारी शिडी मागायला आला. तो एका कचेरीत कॉम्प्युटर सांभाळायचा. बाबा माळ्यावरून शिडी काढेपर्यंत त्याने स्क्रीनवरची सूचना वाचली. पासवर्ड बाबांनी नकाशावरच्या सुबक अक्षरांत स्क्रीनखालीच चिकटवलेला होता.

“काका, दर शनिवारी आपोआप साफ होईल असं करून टाकलंय. आता बघायलाच नको!”

“उपकार झाले,” बाबा म्हणाले. कुणी गेल्याचं कळल्यावर बोलावं, तशा आवाजात.

सहा रविवार सुने गेले. सूचना नाही, फोन नाही. शेवटी बाबांनी कंबर कसली. तारांगणाचा प्रोग्रॅम बसवला, पियानोची शिकवणी बसवली, विमान चालवण्याचा खेळ बसवला. शनिवार आला की सफाई व्हायची आणि आकडा पुन्हा ऐंशीच्या आसपास येऊन बसायचा.

“अहो, विमान कोण चालवणार?” आईने विचारलं.

“जागा चांगली खातं.”

“त्यापेक्षा सरळ फोन करा की तिला. मी रोज दुपारी करते.”

“रोज? काय बोलता?”

“काही नाही.”

‘काही नाही’ यासाठी फोन कसा करतात, हे बाबांना कळेना. त्यांनी नऊ भाषांचे शब्दकोश एकदम उतरवायला लावले. शुक्रवारी डिस्क शंभर टक्के भरली आणि मशीन अर्ध्यातच अडकलं. बाबांनी लगबगीने फोन लावला.

“थांबा, बघते,” लेक म्हणाली. पलीकडे कीबोर्ड खडखडला. “बाबा, नऊ भाषा? आणि विमान?”

“तुला तिथून दिसतं?”

“पहिल्यापासून दिसतं. साफही इथूनच करता येतं.”

मग तिने विचारलं, “ही शनिवारची सफाई कुणी लावली?”

“वरच्याने. मदत म्हणून.”

“तरीच इतके आठवडे फोन नाही! ती सफाई जाताना मी मुद्दाम बंद करून आले होते.”

“मुद्दाम? का?”

“लागलंच तर असावं, म्हणून.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “मग तू का नाही केलास फोन?”

“काय सांगून करणार होते?”

लेक बापावर गेली होती.

“बरं, आता हे सगळं मोकळं करून टाकते,” ती म्हणाली. “एका सेकंदाचं काम.”

“नको नको!” बाबांनी खुर्ची पुढे ओढली. “तू सांग, मी टाइप करतो. सावकाश. हं, पहिलं अक्षर कोणतं?”