उचित ती कार्यवाही

समिती तीन वाजता यायची होती आणि बाई एक वाजल्यापासून फळा पुसत होत्या. फळ्यावर काही नव्हतं, पण हाताला काहीतरी चाळा हवा होता. तंत्र महाविद्यालयात ‘तांत्रिक लेखन’ हा विषय त्या बारा वर्षं एकट्याच शिकवत होत्या, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. यंदा वरून विचारणा झाली होती, की मुलांना यंत्रं शिकवायची सोडून हे लिहायला कसलं शिकवता? समिती येऊन बघणार होती आणि विषय ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार होती. विषय बंद म्हणजे बाई घरी. एक्कावन्नाव्या वर्षी त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

विषयाचा सगळा डोलारा एका कागदावर उभा होता. ‘विद्यार्थ्यांकडून अपेक्षा’ असं त्याचं शीर्षक, आणि खाली नऊ नियम. पहिल्या तासाला तो वाटला जाई आणि वर्षभर बोकांडी बसे. वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असं धरून लिहा, हा चौथा. एकही शब्द जास्त नको, हा पाचवा. सातव्याला मुलं सगळ्यात जास्त घाबरत. तुम्ही लिहिलेल्या सूचना एखादा परका माणूस करून बघेल, त्या वेळी तुम्ही गप्प राहायचं. तोंड, हात, भुवई, काही हलवायचं नाही. हललं तर शून्य. आठवा, चाचणीआधी सगळ्यांचे मोबाइल टेबलावरच्या खोक्यात. नववा, चाचणी संपली असं सांगितल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही.

मुलांना हा सगळा बाईंचा चक्रमपणा वाटे. बाईंच्या घरी वडील होते आणि त्यांना काही आठवत नसे, हे मुलांना माहीत नव्हतं. घरभर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. हा नळ, डावीकडे फिरवा. हे तुमचं कपाट. दोन वर्षांपूर्वी शेगडीवर बाईंनी नुसतं ‘बंद करा’ लिहिलं होतं, कुठलं बटण ते लिहिलं नव्हतं. वडिलांनी मनोभावे सगळी बटणं फिरवून पाहिली. त्यांच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग बाई रोज बघत आणि दुसऱ्या दिवशी वर्गात लाल पेन आणखी जोरात चालवत. मागून मुलं त्यांना लालपेनच म्हणत.

समिती म्हणजे दोनच माणसं निघाली. अध्यक्ष तीस वर्षं वरच्या कार्यालयात मसुदे लिहून निवृत्त झाले होते आणि सवय सुटत नसल्यामुळे पदाचा रबरी शिक्का अजून खिशात बाळगून होते. दुसरे सदस्य. अध्यक्ष बोलले की मान हलवणं हे त्यांचं काम, आणि ते त्यात तरबेज होते. दोघांच्या मागून प्राचार्य आले, आधीच घामाघूम.

अध्यक्षांनी नऊ नियम वाचले. “कडक आहेत की. पाळतात का मुलं?”

“पाळतात, साहेब.”

“बघू या. एखादी चाचणी आम्हीच करतो. काय आहे तयार?”

तयार होत्या आगीच्या सूचना. ‘इमारतीला आग लागल्यास तिसऱ्या मजल्यावरून बाहेर कसे पडावे.’ त्या लिहिल्या होत्या मागच्या बाकावरच्या एका मुलीनं. ती बोलायची इतकं कमी, की वर्गात तिचं नाव ‘तार’ पडलं होतं. बाईंची ती लाडकी होती, अर्थात हे बाईंनी तिला कधी कळू दिलं नव्हतं.

“सातवा नियम आज सगळ्यांना लागू,” अध्यक्ष खुशीत म्हणाले. “मॅडम, तुम्हालाही. प्राचार्य, तुम्हालाही. आम्ही लिहिलंय तेवढंच करणार. डोकं वापरणार नाही.”

सदस्यांनी मान हलवली.

सगळ्यांचे मोबाइल खोक्यात गेले. अध्यक्षांनी तारकडून कागद घेतला आणि मोठ्यानं वाचत निघाले. “एक. सामान तिथेच सोडा. दोन. वर्गाच्या मागच्या दारानं बाहेर पडा. तीन. उजवीकडे वळा, भिंतीला धरून जिन्यापर्यंत जा. चार. जिन्यानं जा.” जिन्याच्या तोंडाशी ते थांबले. एक जिना खाली उतरत होता, एक वर चढत होता. त्यांनी कागद पुन्हा पाहिला, उलटून पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांचं समाधान पसरलं. “कुठला जिना ते लिहिलेलं नाही,” ते म्हणाले आणि वर चढू लागले.

 तारनं खरं तर लिहिलं होतं, ‘जिन्यानं खाली जा.’ मागच्या आठवड्यात तो ‘खाली’ शब्द बाईंनीच लाल पेनानं खोडला होता आणि समासात लिहिलं होतं, ‘आगीत वर कोण जातं? नियम पाच.’

त्यांनी तारकडे पाहिलं. तार समोर बघत चालत होती. तोंड, हात, भुवई, काही हललं नाही. बाईही गप्प राहिल्या. आता बोललं तर चाचणी फुकट, नाही बोललं तर समिती गच्चीवर. गच्ची बघून खाली येतील, असा त्यांनी हिशेब केला.

“पाच. दार ढकलून बाहेर पडा. सहा. मोकळ्या जागेत उभे राहा.” अध्यक्षांनी गच्चीचं दार ढकललं. गच्चीच्या दाराला स्प्रिंग होती आणि ते फक्त आतून ढकलूनच उघडायचं. तारला हे ठाऊक होतं. ती दुपारी डबा खायला इथेच यायची, दारात वीट लावून. वीट तिच्या पायाशी पडली होती. तिनं विटेकडे पाहिलं सुद्धा नाही. पाची जण बाहेर आले आणि मागे दार धाडकन लागलं.

“झालं,” अध्यक्ष म्हणाले. “आगीत वर येऊन उभे राहिलो. हे तुमचं तांत्रिक लेखन. चला खाली.”

तेव्हा कळलं, की दाराला बाहेरून ना कडी ना मूठ. प्राचार्यांनी नखं लावून पाहिली, सदस्यांनी खांदा लावून पाहिला. दार लोखंडी होतं.

“तुला माहीत होतं?” प्राचार्यांनी तारला विचारलं.

तारनं बाईंकडे पाहिलं.

“चाचणी संपली. बोल,” बाई म्हणाल्या.

“हो सर.”

“मग सांगायचं नाही का?”

“शून्य मिळालं असतं, सर.”

वर्गातली मुलं शोधत येतील, असं प्राचार्य म्हणाले. येणार नाहीत, बाई म्हणाल्या. नववा नियम. मुलं जागा सोडणार नाहीत. हे सांगताना एरवी त्यांना अभिमान वाटला असता.

गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्या, मोडकी बाकं आणि बोचरा वारा होता. ओरडून उपयोग नव्हता, कारण शेजारच्या वर्कशॉपमध्ये सहापर्यंत पत्रा ठोकत. अगदी खाली आवारात पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. हात हलवून त्याचं लक्ष वेधू या, असं प्राचार्य म्हणाले. अध्यक्षांना ते पटलं नाही. समितीनं गच्चीवरून हात हलवायचे म्हणजे काय?

“लेखी कळवू,” ते म्हणाले.

बाईंनी पेन पुढे केलं. “मी लिहू का, साहेब? दोन ओळी…”

“मॅडम, तीस वर्षं मसुदे केलेत मी.”

त्यांनी तारच्या कागदाचा एक तुकडा फाडला, टाकीवर ठेवून मजकूर लिहिला, सही केली आणि शिक्का मारला. ‘उद्भवलेली परिस्थिती विचारात घेता सदर प्रकरणी उचित ती कार्यवाही तातडीने करण्यात यावी.’

“आपण अडकलोय हे नाही लिहायचं?” सदस्यांनी विचारलं. दिवसभरातला त्यांचा हा पहिलाच प्रश्न.

“कागद मागे राहतो हो,” अध्यक्ष म्हणाले. “उद्या कुणी दाखवला तर?”

बाईंना तो मजकूर दिसत होता. कोणी, काय, कुठे, यातलं एकही त्यात नव्हतं. वर्गात असा कागद आला असता तर त्यांनी तो न वाचता परत केला असता. पण हातात विषयाचा जीव असलेल्या माणसाच्या मसुद्यावर लाल रेघ कोण मारणार? 

कागद तरंगत खाली गेला. पहारेकऱ्यानं उचलला, वाचला. त्यानं वर बघितलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयाच्या खिडकीतून कागद उडून पडणं ही तिथली रोजची गोष्ट होती. शिक्का बघून तो अदबीनं उठला आणि आत गेला. वर सगळ्यांना हायसं वाटलं. दहा मिनिटांनी तो परत आला आणि खुर्चीत बसला.

“कार्यवाही चालू असेल,” अध्यक्ष म्हणाले.

साडेचारला त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. ‘विषयांकित प्रकरणी अद्याप कार्यवाही न झाल्याने खेद वाटतो.’ पहारेकरी पुन्हा उठला, पुन्हा आत गेला, पुन्हा येऊन बसला. वारा वाढला होता. सदस्य टाकीच्या आडोशाला जाऊन आले, सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं. प्राचार्यांची पाच वाजताची रक्तदाबाची गोळी खाली टेबलात राहिली होती. ते मोडक्या बाकावर बसले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडत गेला. बाईंचं लक्ष घड्याळाकडे होतं. शेजारच्या काकू वडिलांजवळ पाचपर्यंतच थांबायच्या.

“कुणी लिहिला हा भिकार कागद?” अध्यक्ष एकदम तारवर घसरले. “जिन्यानं जा! एवढं कळू नये?”

“मी लिहिला,” तार म्हणाली. तिच्या दप्तरात लाल रेघेचा मूळ कागद होता, पण दप्तर पहिल्या सूचनेप्रमाणे वर्गात राहिलं होतं. असतं तरी तिनं दाखवला नसता.

“तिनं बरोबर लिहिलं होतं,” बाई म्हणाल्या. “‘खाली’ हा शब्द मी खोडला.”

अध्यक्षांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. खिशातून छोटी वही काढून काहीतरी टिपलं आणि वही परत ठेवली. बारा वर्षांचं काय झालं ते बाईंना तिथेच कळलं. मग गमवायला काही उरलं नाही आणि त्यांना जरा मोकळं वाटलं. त्यांनी कागदाचा उरलेला तुकडा तारपुढे धरला. “लिही.”

तारनं लिहिलं, ‘आम्ही पाच जण याच इमारतीच्या गच्चीवर अडकलो आहोत. वर बघा. एकाला बरं नाही. जिन्यानं वर या. गच्चीचं दार आतून बाहेर ढकला. दारात वीट लावा.’

बाईंनी वाचलं. ‘वर’ दोनदा आला होता. त्यांनी खोडला नाही.

पहारेकऱ्यानं कागद वाचला, वर बघितलं आणि धावत सुटला. चार मिनिटांत दार उघडलं. त्यानं आधी वीट लावली, मग सलाम केला.

“हे आधी नाही का लिहायचं, साहेब? तुमचे दोन्ही कागद मी आत दिले. आवक नोंदवहीत लावलेत, नंबर पडलेत. प्राचार्य साहेबांच्या टेबलावर ठेवलेत, साहेब आले की बघतील.”

प्राचार्यांना धरून खाली आणलं, गोळी दिली. वर्गात बत्तीस मुलं जागच्या जागी बसली होती. एकाचे डोळे भरून आले होते, त्याला दोन तास बाहेर जायचं होतं. बाईंनी चाचणी संपल्याचं सांगितलं आणि तो दारातून गोळीसारखा सुटला.

बाई घरी पोचल्या तेव्हा सव्वासहा वाजले होते. वडील दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते. समोरच्या चिठ्ठीवर बाईंचंच अक्षर होतं. ‘कोणी नसेल तर इथे बसा. मी येते.’ त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

“बाबा, पाणी नाही घेतलंत?”

“बसा लिहिलंय,” वडील म्हणाले. “पाण्याचं नाही लिहिलं.”

बाईंनी त्यांना पाणी पाजलं आणि स्वयंपाकघरात जाऊन त्या रडल्या. मग तोंड धुऊन त्यांनी चिठ्ठीत एक ओळ वाढवली. तहान लागली तर उठा, डावीकडच्या टेबलावर तांब्या आहे.

दहा दिवसांनी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. तार आधीच तिथे उभी होती, कसल्याशा अर्जावर सही घ्यायला आली होती. टेबलावर वरून आलेलं पत्र होतं, शिक्क्यासह.

“मॅडम, तुम्ही हेच शिकवता, तर बघा बरं,” प्राचार्य म्हणाले आणि वाचू लागले. “‘समितीच्या पाहणीत आढळून आलेल्या बाबी विचारात घेता सदर विषयाबाबत उचित ती कार्यवाही तातडीने करण्यात यावी.’ आता हे विषय बंद करा म्हणतायत, की चालू ठेवा?”

बाईंना उत्तर माहीत होतं. तो चेहरा, ती छोटी वही, सगळं डोळ्यांपुढे होतं. शिवाय बारा वर्षांत असा कागद त्यांच्यासमोर आला आणि त्यांनी लाल पेन उघडलं नाही, असं कधी झालं नव्हतं. पेन हातातच होतं. त्यांनी तारकडे पाहिलं. तार समोरच्या भिंतीकडे बघत होती.

“सांगा ना. मी काय करायचं?”

ही चाचणी अध्यक्षांच्या लेखनाची होती. करून बघणारे प्राचार्य होते. बाई गप्प उभ्या राहिल्या.

प्राचार्यांनी पत्र आणखी दोनदा वाचलं, उलटून पाहिलं, सुस्कारा सोडला आणि घंटी वाजवली. शिपाई आत आला. “हे आवक नोंदवहीत लावा,” ते म्हणाले. “नंबर पाडा. मागच्या दोन कागदांबरोबरच ठेवा.”

बाईंनी पेनाचं टोपण घट्ट लावलं. तोंड नाही, हात नाही, त्यांची भुवईसुद्धा हलली नाही.