घरी शिवलेला घड

सावद्याच्या एका प्राथमिक शाळेने पत्रक काढले की, यंदाच्या वेशभूषा स्पर्धेत फक्त घरी बनवलेला पोशाख चालेल. विकतचा अथवा भाड्याचा आढळल्यास स्पर्धक बाद. कारण गंभीर होते. मागच्या वर्षी सतरा फुलपाखरे एकाच दुकानाची चिठ्ठी पाठीवर घेऊन रंगमंचावर उतरली होती. त्यांतल्या नेमक्या कोणत्या फुलपाखराला पहिले बक्षीस दिले, हे परीक्षकांचे अजून ठरायचे आहे.

जीवरामआबांना पत्रक फार पटले. त्यांचा जन्म केळीच्या बागेत गेलेला, त्यामुळे नात पुनम काय होणार हा प्रश्नच नव्हता. सुनेच्या, रत्नाच्या, जुन्या पिवळ्या परकरांची त्यांनी एकशे आठ केळी शिवली, आत कापूस ठासला. मोठ्या फण्या वर, लहान खाली, गुडघ्यापाशी जांभळं केळफूल. पोत्यांची तोंडं शिवून हात बसलेला. टाका कसा, दोरी ताणल्यासारखा.

"आबा, मी पिकली का?" पुनमने आरशासमोर गिरकी घेत विचारलं.

"नाही वं बाय, अजून तीन दिवस पिकवायच्या चेंबरमधी ठेवा लागीन."

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या फाटकावर 'गृहनिर्मिती पडताळणी कक्ष' उघडला होता. कक्ष म्हणजे एक टेबल आणि त्यामागे शिक्षिका सुनंदाबाई.

"घरी बनवल्याचं प्रमाणपत्र?"

"बाई, घर हाये, मी हाये, पोर हाये. अजून काय पाह्यजे?"

सुनंदाबाईंनी पुनमला उलटं फिरवलं, शिवण पाहिली आणि खेदाने मान हलवली. "आबा, इतके सरळ टाके घरचे नसतात."

तेवढ्यात योगेंद्र नावाचे पालक आपलं सूर्यफूल घेऊन आले. एक पाकळी तिरपी, गोंदाचे डाग, आणि सोबतच्या प्रमाणपत्रावर जळगावच्या दुकानाचा शिक्का: 'अस्सल घरगुती'. सूर्यफूल विनाचौकशी आत गेलं. पत्रक निघाल्याबरोबर त्या दुकानाने घरगुती विभाग काढला होता. वाकडं शिवायला तीन कुशल कारागीर, आणि गोंद सांडायला वेगळा माणूस.

"अन् ते भाड्याचं नाही का?" आबा म्हणाले.

"पोशाख भाड्याचा आहे. घरगुतीपणा प्रमाणित आहे," सुनंदाबाई शांतपणे म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावर दुकानाचा प्रतिनिधी स्वप्नील बसलाच होता. "टेन्शन नका घेऊ आबा. तुमचा ड्रेस आमच्याकडे जमा करा. तोच मी तुम्हाला भाड्याने देतो, वर प्रमाणपत्र."

"आपलंच आपल्याले भाड्यानं?" सोबत आलेली रत्ना उसळली. "कायले?"

"ताई, त्याशिवाय तो घरगुती कसा होईल?"

आत कर्ण्यावर पुकारा झाला, "क्रमांक चौदा, पुनम!" पुनमने आबांचा सदरा ओढला. "आबा, माझा नंबर गेला?"

आबांनी सही केली. स्वप्नीलने नियमाप्रमाणे सहा केळी उसवून लोंबती ठेवली, केळफुलावर गोंद सांडला आणि शिक्का मारला.

पुनमला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लोंबत्या केळ्यांचा खास उल्लेख केला; त्यांत त्यांना आईची माया दिसली. प्रशस्तिपत्रावर 'निर्मिती' या शब्दापुढे दुकानाचं नाव होतं.

टाळ्या संपल्या तसा स्वप्नील मोठी पिशवी घेऊन आला. "पाचच्या आत परत. अटीत लिहिलंय."

पुनमने केळफूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "माझ्या आबांनी केलाय!"

"हो गं बाळा," सुनंदाबाई मायेने तिची बोटं एकेक सोडवत म्हणाल्या. "पण पुरावा काय?"

पोर बनियनवर घरी गेली.

तो घड आता जळगावला दुकानाच्या काचेमागे उभा आहे. पुढच्या पत्रकाला तुम्ही तोच आणाल, पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकाल आणि खाली लिहाल, 'चार दिवस खपून स्वतः शिवला.' टाका, अवश्य टाका. आम्ही सगळे अंगठा दाखवू. फक्त फोटोपुरती हातात धरता ती सुई तेवढी ओवून घ्या. मागच्या वेळी तिच्यात दोरा नव्हता.