फरासखान्याची सदर बोलती जाहली, ती हकिकत

श्री. कुळदेवतेचे स्मरण करून, थोरांस नमस्कार आणि धाकट्यांस आशीर्वाद सांगून ही हकिकत लिहिली असे. शके सतराशे अकरा, सौम्य नाम संवत्सर, ते वर्षी एका राज्यात फरासखाना म्हणून सरकारी कारखाना होता. सरकारचे तंबू, कनाती, जाजमे यांची निगा तेथे होत असे आणि रायाजी दरोगा त्यावर मुख्य होते. माणूस कामास खरा, बोलण्यास थोडका. दर सोमवारी त्यांची सदर भरे आणि तंबू उभारणारे, शिवणारे, दोर वळणारे सारे येऊन बसत. मग दरोगा हुकूम सांगत, मंडळी मान डोलावीत आणि सदर उठे. कोणी चकार शब्द काढीत नसे. तरी कोठे शिवण उसवली, कोठे दोर कुजला, हे रायाजींस बरोबर ठाऊक असे आणि ते वेळेत दुरुस्त होई. यावरून दरोग्यांस चार डोळे आहेत, असा लौकिक जाहला.

मग श्रावणात दरोग्यांचे कुटुंब अंबूबाई तापाने निवर्तल्या. रायाजींनी दिवसकार्य केले आणि कामावर रुजू जाहले. विडा बाई स्वतः लावून देत असत, तो त्यांनी सोडला. याहून अधिक ते कोणाशी बोलले नाहीत.

पुढे दसऱ्याचा दरबार आला आणि मोठा शामियाना उभा केला, आणि महाराज गादीवर बसत असता मधला खांब मोडून सारे खाली आले. जीवास अपाय जाहला नाही, परंतु महाराजांची पगडी कापडाखाली गेली ती हुडकून काढावी लागली. खांब वाळवीने पोखरला होता. चौकशी करता असे निघाले की ही गोष्ट फरासखान्यात सर्वांस ठाऊक होती, एका दरोग्यांस मात्र नव्हती. महाराजांनी आज्ञा केली की माघात राजकन्येचे लग्न आहे, त्या मांडवास काही जाहले तर फरासखाना मोडावा आणि माणसे घरी बसवावी. तेथे बापाचे काम मुलाकडे येत असे, दुसरे काम कोणास येत नव्हते. तेव्हा रायाजींनी मनाशी पक्के केले की काही होवो, सदर बोलती करायची.

प्रथम त्यांनी ताकीद दिली की प्रत्येकाने उठून एक तरी गोष्ट सांगावी. मंडळी एकामागून एक उठली आणि घशातल्या घशात "सर्व क्षेम आहे" म्हणून खाली बसली. मग त्यांनी बोलेल त्यास शेला देऊ केला. तेव्हा गुलाबखान फरास तोंडातले गिळून उठले आणि दरोग्यांच्या मिशांचे वर्णन बराच वेळ करून शेला घेऊन गेले. मिशांस त्या दिवशी तेलही लावलेले नव्हते.

पुढल्या सोमवारी नेहमीप्रमाणे आरंभी विड्याचे तबक फिरले. विडा घेतला म्हणजे हुकूम मान्य, अशी तेथली चाल. तो तोंडात असता वरिष्ठांपुढे थुंकणे बेअदबी, आणि पिकदाणी एकच, ती दरोग्यांपुढे. इतकी वर्षे रायाजी विडा खात हुकूम सांगत आले आणि पिकदाणी हाताशी असल्याने त्यांस अडचण कधी भासली नाही. आता त्यांचे तोंड रिकामे होते. त्यांनी मान वर करून पाहिले तो सर्वांचे गाल फुगलेले आणि ओठ मिटलेले. हुकूम अजून सांगायचा होता, आणि मान्य होऊन बसला होता. रायाजींनी सर्वांस बाहेर जाऊन चुळा भरून येण्यास सांगितले आणि तबक कोनाड्यात ठेवविले.

"आजपासून विडा सदर उठताना," ते म्हणाले. "आणि बोलेल त्यालाच. मिशांवर बोललेलं धरलं जाणार नाही."

मंडळी हसली. मग शिवणाऱ्या बायांत वडील गौरूबाई होत्या, त्या उठल्या.

"दादा, रागावणार नसाल तर सांगते."

"रागावलो तरी सांगा."

"आम्ही सांगतच होतो की. पाणवठ्यावर अंबूवहिनींना सांगायचो, त्या तुमच्या कानावर घालायच्या. तुमचं नाव व्हायचं, आमचं काम व्हायचं. खांबाचं कळलं, तेव्हा वहिनी नव्हत्या. कुणाला सांगणार?"

जेवताना वाढता वाढता अंबूबाई म्हणत, अमक्या कनातीकडे एकदा बघा, मला आपलं वाटतं. रायाजींस ते आठवले. ते जाजमाकडे पाहत राहिले, आणि आज सदर उठली असे मंडळींस वाटले. मग ते म्हणाले, "ती वाट बंद झाली. आता मलाच सांगा. मला तिच्यासारखं ऐकता येत नाही. पण बसून राहीन."

तेव्हा सटवोजी म्हणून खांब उभारणारे म्हातारे होते, ते बसल्या जागेवरून म्हणाले, "मग ऐका. लग्नाच्या मांडवाची जागा तुम्ही आखलीत, ती बुजवलेल्या विहिरीवर आहे."

ती जागा रायाजींनी दिवाणांसमक्ष स्वतः आखली होती. त्यांचा चेहरा तांबडा जाहला आणि एक हुकूम ओठांवर आला, तो त्यांनी गिळला. "चूक माझी," ते म्हणाले. मग जो तो बोलू लागला. कोणी दोरांचे सांगितले, कोणी मेखांचे, आणि एकाने शेजारचा दुपारी घोरतो हेही सांगितले. रायाजींनी तेही ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी ते दिवाणांकडे गेले. जागा आखण्याआधी माणसांस विचारले नव्हते काय, असे दिवाणांनी दरडावले. रायाजी म्हणाले, विचारले होते, पण त्यांची तोंडे भरून. आणि बोलणी खाऊन, जागा बदलून ते परत आले.

माघात लग्न लागले, वारा सुटला, आणि मांडव हलला नाही. आधीच्या जागेवर मात्र वऱ्हाडाची गाडी आसापर्यंत रुतली, ती दिवाणांनी डोळ्यांनी पाहिली.

पुढल्या सोमवारी सदर उठताना तबक आले आणि गौरूबाईंनी आपल्या हाताने एक विडा लावून दरोग्यांपुढे धरला. रायाजींनी तो घेतला आणि थोडा वेळ तसाच चघळला.

"चुना फार झालाय," ते म्हणाले.

"दादा बोलले," गौरूबाई म्हणाल्या. "त्यांना आणखी एक द्या."

रायाजींनी तोही घेतला.

येणेप्रमाणे फरासखाना राहिला, विडा सदरेच्या शेवटास गेला आणि पिकदाणी सर्वांच्या मध्ये आली. मुख्याने आधी आपले तोंड रिकामे ठेवावे, मग दुसऱ्याचे उघडते, एवढे त्या राज्यात कळले. जाहले ते लिहिले, हकिकत पुरी.