लॅपटॉपच्या पोटातला कॉम्प्युटर

मुलांनो, एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर कसा राहतो, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत. पुस्तकी उत्तर तुमचे बाबा देतील. माझं उत्तर म्हणजे आमचे शेजारी रज्जाकभाई. नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

रज्जाकभाईंना जगातल्या प्रत्येक बिघाडामागे एक बंद कॉक दिसतो. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात झालेली. कुणाचा पंखा फिरेना, कुणाला भूक लागेना, कुणाच्या मुलीचं लग्न जुळेना, यांचं एकच. "वरचा कॉक बघितला का?"

एका दुष्काळात आमच्या मुकुंदवाडीत नव्या इमारती भराभर उठत होत्या आणि नळ मात्र आठवड्यातून एकदा वाजायचा. एकदा पाणी आलं म्हणताच भाईंनी घाईत मोटरची वायर भलतीकडेच खोचली. मोठा आवाज झाला आणि आतल्या खोलीत सलमाभाभींचा कॉम्प्युटर जळाला. भाभी त्यावर भरतकामाचे नमुने काढायच्या. शहागंजातले दुकानदार त्यांच्या वेलींसाठी थांबून राहायचे. भाभींनी काम सोडलं आणि नवऱ्याशी बोलणंही. निरोप माझ्यामार्फत.

"मॅडम, त्यांना सांगा, चहा झालाय."

"मॅडम, तिला सांगा, साखर कमी हाय."

"त्यांना सांगा, साखर बी मोटरीनं खाल्ली."

भाईंनी नवा लॅपटॉप आणला आणि जळलेल्यातून वाचलेलं सगळं त्यात भरून घेतलं. त्यावर भाभींचा जुना प्रोग्राम उघडेना आणि नवा शिकायला त्या तयार नव्हत्या. औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं तोड सांगितली: लॅपटॉपच्या आत जुन्या धाटणीचा आभासी कॉम्प्युटर बसवायचा, म्हणजे प्रोग्रामला आपण जुन्याच घरी आहोत असं वाटतं. भाईंनी तो बसवला. तो सुरूच होईना. शेवटी लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे आले. "इंग्रजीत शिव्या देतंय, मॅडम. बघा जरा."

मी वाचलं. आभासी कॉम्प्युटर चालवायची सोय लॅपटॉपमध्ये मुळातच होती, पण बंद ठेवलेली. लॅपटॉप सुरू होता होता एक बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरायचं आणि ती चालू करायची.

"म्हंजी?"

"म्हणजे भाई, वरचा कॉक बंद आहे."

भाईंनी आधी दार लोटून घेतलं. "हे गल्लीत सांगू नका," म्हणाले.

सोय चालू केली आणि जुना पडदा उघडला. भाई एकेक चित्र ओढून पूर्वीच्या जागी नेऊन ठेवू लागले. प्रोग्राम डाव्या कोपऱ्यात, त्याखाली वेली, त्याखाली बुट्टे. मला नवल वाटलं. भाभींच्या खोलीत हे कधी बसलेले मी पाहिले नव्हते.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"दारातनं दिसायचं. आत गेलो की ती चहा करायला उठायची. काम मोडायचं. म्हणून दारातनंच."

लॅपटॉप आम्ही भाभींच्या खोलीत नेऊन ठेवला. भाभी येऊन बसल्या. प्रोग्राम उघडला. एक वेल काढली, पुसली, पुन्हा काढली. भाई चौकटीपाशी उभे. मी निरोपासाठी तयार होते. पण भाभी माझ्याकडे वळल्याच नाहीत.

"अजी, दरवाजे में कायकू खडे? अंदर बैठो ना."

लॅपटॉप आता जुना झालाय. त्याच्या आतला कॉम्प्युटर अजून चालतो, आणि भाभींच्या खोलीत दुसरी खुर्ची अजून आहे.